रडण्यापुरती वाट

आता टीव्हीवर शहाणी माणसं वाद घालतात, की महामारीत सगळं बंद केलं ते बरोबर झालं का चूक. चौघं इकडून, चौघं तिकडून आणि मधे एक बाई, सगळ्यांना गप्प करायला बसवलेली आणि सगळ्यांहून जास्त बोलणारी. मला कुणी बोलावलं नाही. बोलवायला पाहिजे होतं. त्या आठ जणांनी बंद पाळला असेल. मी बंद केला होता. कालव्याच्या पुलावर बाभळीच्या काट्या टाकून, त्यांच्या अल्याड खाट टाकून, हातात बैलाची पराणी घेऊन मी बसलो होतो आणि माझ्या परवानगीशिवाय त्या वाटेनं वारासुद्धा गावात आला नाही. आला असेल तर तोंडाला रुमाल बांधून आला.

आधीच सांगून ठेवतो, बारक्या गोष्टींत मी थोडं वाढवतो. ती आमच्या घरची रीत आहे. माझा बाप नांगराला निघाला की बैल मोठे होत जायचे आणि संध्याकाळी पारावर पोचेपर्यंत त्यांचे हत्ती व्हायचे. पण मोठ्या गोष्टींत मी माप मारत नाही. ही गोष्ट मोठी आहे.

आमचं गाव कुरुंद्याच्या अंगाला. सिद्धेश्वरच्या धरणाचा कालवा गावाला घासून जातो आणि कालव्याच्या पलीकडं कोसभरावर माझ्या मामाचं गाव. मधे एक अरुंद पूल. त्या उन्हाळ्यात घराघरापुढं हळद शिजत होती, अंगणं पिवळी झाली होती आणि तेवढ्यात हुकूम आला, घरात बसा.

आता घरात बसा म्हटल्यावर एखादं गाव घरात बसेल. आमचं गाव वरच्या हुकुमाला आपली भर घातल्याशिवाय मानत नाही. त्याच दिवशी माणसं कोयते घेऊन निघाली आणि बाभळी तासून गावाच्या तिन्ही वाटांवर एवढ्या काट्या टाकल्या की मुंगूस आलं असतं तरी विचार करून माघारी फिरलं असतं. सरपंचानं राखणदार नेमले. पूल माझ्या वाट्याला आला. आयुष्यात मला कुणी कशावर नेमलं नव्हतं. शाळेत खडू आणायलाही दुसऱ्याला पाठवत. त्यामुळं मी ते काम असं केलं, की विचारू नका. गावाचा एक जावई बायको घेऊन मोटारसायकलवर आला. एरवी ज्याच्यापुढं चपला काढायच्या आत चहा येतो, तो माणूस. त्याला मी पुलावरून माघारी लावला. जावयाला परत पाठवणारं गाव म्हणून आमचं नाव वारंगा फाट्यापर्यंत गेलं. तेव्हा फाट्यावरची सगळी दुकानं बंद होती आणि ऐकायला कुणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

हसू नका. मी ते हौसेनं केलं, पण हौसेपायी केलं नाही. माझ्या बापाला दमा. साधा दमा नाही. रात्री त्यानं श्वास ओढला की शेजारच्या घरातला पडदा आमच्याकडं सरकायचा. हळदीला पॉलिश करायचा ढोल गल्लीत फिरायला लागला, की आम्ही बापाला उचलून रानात नेऊन ठेवत होतो. अशा माणसाच्या छातीत हा आजार शिरला असता, तर त्याला फार काम उरलं नसतं.

आणि शिरला असता. हे मी वाढवून सांगत नाही. आमच्या शेजारचा एक गडी पुण्याला कंपनीत होता. कंपनी बंद पडल्यावर तो निम्मी वाट चालत, निम्मी कुणाच्या टेम्पोत, असा आला. गावानं त्याला घरी जाऊ दिलं नाही. शाळेत ठेवला, एकट्याला. त्याची बायको लांबूनच भाकरीचं फडकं ठेवून यायची आणि मला शिव्या देत माघारी फिरायची. चारदोन दिवसांत त्याला ताप भरला, हिंगोलीला नेला, तर तो आजारच निघाला. पुढं बरा होऊन आला. आता हा गडी गावात असला की रोज सकाळी आमच्या ओट्यावर बसतो आणि माझ्या बापाच्या तळहातावरची तंबाखू खातो. चिमूट त्याची आणि हात बापाचा. वाट मोकळी असती तर आल्या दिवशीच तो तिथं बसला असता. म्हणून कुणी मला म्हणतं, की ते सगळं थोतांड होतं, तेव्हा मी त्याला ओट्यावर नेतो आणि बापाकडं बोट दाखवतो. हा बघा थोतांडाचा फायदा. खोकतोय, पण आहे.

झाली एक बाजू. टीव्हीवाले एवढ्यावरच उठून गेले असते. आता दुसरी ऐका.

आमच्याकडं कुणी मेलं की बाया नुसत्या भेटायला जात नाहीत. रडायला जातात. बाईला विचारलं कुठं चाललीस, तर ती सरळ सांगते, अमक्या गावाला रडायला. टेम्पो करून जातात. टेम्पोत सगळं चालतं, सुनांच्या कागाळ्या, तंबाखू, खिदळणंसुद्धा. मयताच्या घराजवळ टेम्पो थांबला की पदर पुढं ओढायचा आणि पहिला सूर काढायचा. घरातल्या बाया तो सूर ओळखून दारात येतात. मग गळ्यात गळा. मेलेला माणूस काय खात होता, कुणाशी कसा बोलला, कोणत्या साली कोणती साडी घेऊन आला, सगळं त्या रडण्यात सांगायचं. शिकलेली माणसं म्हणतात हे लटकं असतं. त्यांना म्हणावं, तुमच्या दोन मिनिटं उभं राहण्यात काय खरं असतं ते सांगा.

या कामात माझी माय जिल्ह्यात एक नंबर. कळमनुरीकडच्या एका गावी तिनं असा सूर लावला, की तिरडीवरचा म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, बाई, एवढा चांगला मी नव्हतो. यातलं उठून बसणं मी वाढवलं असेल. एवढा चांगला तो नव्हता, हे मात्र खरं.

काट्या टाकून महिना होत आला आणि मामा गेला. आजार तो नव्हता. दुपारी जेवला, हात धुवायला उठला आणि मोरीतच बसला तो बसलाच. मायचा एकुलता भाऊ, तिच्याहून बराच धाकटा. त्यांची आई लवकर गेलेली, म्हणून मायनंच त्याला कडेवर वाढवलेला. तिच्या लग्नात तो तिच्या मांडीवर बसला होता आणि नवरदेवाला, म्हणजे माझ्या बापाला, जवळ येऊ देत नव्हता असं सांगतात. मामाच्या गावानंही त्यांच्या बाजूनं पुलाला काट्या लावल्या होत्या. दोन्ही गावांनी एकाच पुलाला दोन्हीकडून कुलूप घातलेलं. चार माणसांनी त्याला नेलं आणि दिवस मावळायच्या आत मामा राख होऊन गेला. आम्हाला फोनवर कळलं.

माय उठली, तोंड धुतलं, दुसरं लुगडं नेसली आणि पुलावर आली. मी खाटेवर बसलेलो.

"वाट काढ," ती म्हणाली.

मी म्हणालो, माय, तिकडचे आत घेणार न्हाईत, आणि तू जाऊन आलीस तर आबाच्या दम्याचं काय. मयतीच्या घरी दहा गावची माणसं चोरून आलेली असतात. कोण काय घेऊन आलं, कुणाला ठाऊक. तुझ्या गळ्यात दहा जणी पडतील आणि तू घरी येऊन आबाच्या उशाशी बसशील. मी अजून बरंच बोललो. राखणदाराला बोलायची सवय लागते. तिनं सगळं ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या भावाला मी सोडून कोण रडंल?" आणि माघारी गेली.

माझ्या बायकोनं युक्ती काढली. मामीला फोन लावला, चेहरा दिसणारा, आणि मायच्या हातात दिला. पलीकडून मामीच्या पोरानं फोन धरलेला. आम्हाला आधी त्यांचा पंखा दिसला, मग भिंत, मग मामीचा अर्धा कान. मायनं सूर काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. चक्र थांबलं तेव्हा मामी रडत होती आणि माय थांबलेली. मायनं सुरू केलं तेव्हा मामी थांबली. एकीचा सूर दुसरीला पोचेपर्यंत शिळा व्हायचा. माय म्हणाली, हे डब्यात तोंड घालून रडल्यासारखं वाटून राहिलं, आणि फोन बायकोला देऊन टाकला.

त्यानंतर तिनं बोलणं टाकलं. रडणं तर नाहीच. परक्या माणसांवर घागर घागर रडलेली बाई, सख्ख्या भावावर तिच्या डोळ्यातून टिपूस निघेना. भाकर पुढं ठेवली तर कुस्करून कोंबड्यांना टाकायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि जाताना माझ्या बायकोला सांगायच्या, रडू अडकलंय, बाहेर काढा, न्हाईतर छातीत बसतं. आमच्याकडं असे दाखले आहेत. एक बाई अडकलेलं रडू घेऊन बसली ती दिवाळीपर्यंतच बसली.

मग एका सकाळी माझ्या बापानं मला खाटेजवळ बोलावलं. त्याला एक वाक्य बोलायला तीन श्वास लागतात, म्हणून तो निवडून बोलतो.

"माझा दमा वाचवायला," तो म्हणाला, "तिचा भाऊ बिनरडण्याचा ठिवू नको."

मी सरपंचाकडं गेलो. सरपंच वाईट माणूस नाही आणि त्याचं बोलणंही वावगं नव्हतं. तो म्हणाला, तुझ्या मायला सोडलं तर उद्या प्रत्येकाची माय हाय, आणि गाव एकदा फुटलं की मग काट्या कशाला, सरळ मांडव घालू. मी म्हणालो, तिला पलीकडं सोडू नका, पुलापर्यंत तर जाऊ द्या. तो म्हणाला, जमाव होतो. मी म्हणालो, जमाव न्हाई, माय हाय. तो म्हणाला, नियम नियम असतो. मी घरी आलो आणि मामाच्या पोराला फोन लावला. उद्या उन्हं वर यायच्या आत मामीला तुमच्या काट्यांपाशी आण. पूल माझ्या ताब्यात आहे.

आता म्हणणारे म्हणतील, राखणदारानंच राखण मोडली. मोडली नाही. काटी जागची हलली नाही. फक्त काटीच्या अल्याड कुणी उभं राहायचं, हे मी ठरवलं. आणि ठरवलं त्याची मी आजही कुणाकडं माफी मागत नाही.

सकाळी माय आली, बरोबर माझी बायको धरून गल्लीतल्या आठ बाया. सगळ्यांनी तोंडाला पदर घट्ट बांधलेले, लुटायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. मी पराणीनं जमिनीवर रेघा मारून एकेकीची जागा दाखवली आणि सांगितलं, रेघ सोडायची नाही. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ. पलीकडच्या काट्यांमागं मामी आली, तिच्या दोन सुना आणि शेजारणी. इतक्या लांबून तोंडं दिसत नव्हती. मामीचं रिकामं कपाळ मात्र मला दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं.

गळ्यात पडल्याशिवाय सुरुवात कशी करायची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग मायनं दोन्ही हात काट्यांच्या दिशेनं पुढं केले, कुणाला तरी कवेत घ्यायला करतात तसे, आणि तिचा सूर लागला.

"कडंवर व्हतास तवा काटा टोचू दिला न्हाई रं माझ्या भाऊराया... आज काट्याच्या अल्याड उभी राहिले रं मी..."

पलीकडून मामीनं तो उचलला. पाण्यावरून आवाज सरळ येतो. अधेमधे कुठलंही चक्र फिरत नव्हतं. माय विचारायची, शेवटचा घास कशाचा खाल्लास रं, आणि मामी रडण्यातच उत्तर द्यायची, वांग्याचं खाल्लं वो आक्का, अजून वाढ म्हणले वो. मामा गेल्यापासूनचं सगळं तिथं बोलून झालं, कोण खांद्याला होतं, कोण नव्हतं, राख कुठं सोडली. मामाच्या पोरानं राख त्याच कालव्यात सोडली होती, वरच्या अंगाला. म्हणजे मामा आमच्या गावावरून वाहून गेला होता आणि मी राखणदार असून मला कळलं नव्हतं.

मायचा आवाज त्या दिवशी कुठवर गेला, यावर अजून वाद आहेत. मी एवढंच सांगतो, की आमच्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना आजवर कधी पाणी पोचलं नव्हतं. निवेदनं दिली, रस्ता अडवला, तरी नाही. त्या पाळीला पोचलं. तिथले लोक म्हणतात पाटाचा साहेब बदलला होता. मला कारण वेगळं ठाऊक आहे.

रेघांचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या हुंदक्याला रेघा पुसल्या. शेजारची म्हातारी मायच्या गळ्यात पडली, तिच्या गळ्यात दुसरी, आणि बघता बघता नऊही जणींचा एक गोळा झाला. मी पराणी घेऊन लांब व्हा, लांब व्हा करत भोवती फिरत होतो. ज्याला बैल कधी भ्यायले नाहीत, त्याला बाया काय भिणार. पदर कधीच सुटले होते. शेवटी मी पराणी खाली ठेवली आणि मामासाठी मीही रडलो. यात वाढवलेलं काही नाही.

घरी आल्यावर मायनं भाकर मागितली. दोन खाल्ल्या, वर ठेच्याला मीठ कमी म्हणून बायकोला बोलली. बाप भिंतीकडं तोंड करून हसला. माझ्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली होती.

ती संपली नव्हती, कारण कालव्याच्या काठानं एक मेंढपाळ चालला होता. त्या माणसाचा यात काही दोष नाही. एवढ्या बायांचा सूर कानावर आला तर आमच्या मुलखात कोणताही माणूस एकच अर्थ काढतो. मयत झालं. आणि एवढ्या मोठ्यानं, म्हणजे एक नाही झालं. त्यानं पुढच्या गावच्या राखणदाराला सांगितलं, की अमक्या गावात मोठा घोळ झालेला दिसतो. दुपारपर्यंत आमच्या गावात नऊ माणसं मेली होती. कुरुंद्यात बातमी पोचली तेव्हा आमचं निम्मं गाव सरलं होतं. वारंगा फाट्याला गेली तेव्हा गावात एकच जण जिवंत उरला होता, आणि तो पराणी घेऊन पुलावर बसलाय असं सांगत होते. आसपासच्या तीन गावांनी आमच्या बाजूच्या वाटांवर नव्या काट्या टाकल्या. आमच्याकडं हळद शिजवायचा कुकर घेऊन येणारा ट्रॅक्टर अर्ध्या वाटेतून फिरला. दूध घ्यायला येणारा आला नाही. गावानं आमच्या घराकडं बघायला सुरुवात केली.

आणि दिवस कलता कलता तालुक्याची गाडी आली. त्यातून एक पोलिस उतरला आणि आरोग्याच्या एक मॅडम, पोरसवदा, पांढऱ्या प्लास्टिकच्या झग्यात घामानं भिजलेल्या. त्यांना मयतांची मोजणी करायची होती. मयत एकही निघेना, तेव्हा त्या आधी चिडल्या आणि मग पायरीवर बसून पाणी प्यायल्या. मग सरपंचानं सांगितलं, की काय झालं, कुणी केलं आणि कुणाच्या मायनं केलं. मायला बोलावलं. पोलिसानं चढ्या आवाजात सुरुवात केली. मायनं त्याला हातानं थांबवलं आणि मॅडमकडं वळली.

"तोंड बांधा म्हनले, बांधलं. घरात बसा म्हनले, महिना झाला बसून हाय. भाऊ मेला, त्येचं तोंड पाहू नका म्हनले, न्हाई पाह्यलं. आता रडू नका, असं कुठं लिवलंय तेवढं दाखवा, बाई."

गावाला वाटलं, माय जिंकली. मलाही वाटलं.

मॅडम जागेवरून उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आजी, रडू नका असं कुठंच लिहिलं नाही. पण तुम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलात का?"

मायनं काही आडपडदा ठेवला नाही. व्हय, म्हणाली. गळ्यात पडल्याबिगर रडता येत न्हाई.

"यातली एक जण, जिचा मुलगा परवा कुठून तरी आला असेल, तिला काही झालेलं असेल तर? आणि तुमच्या घरात कुणी आजारी आहे का?"

माय माझ्याकडं बघायला लागली. मीच सांगितलं, बापाला दमा आहे म्हणून.

नऊही बायांना शाळेत नेलं, नाकात काड्या घातल्या आणि रिपोर्ट येईपर्यंत तिथंच ठेवलं. माझी राखणदारी गेली. पूल दुसऱ्याला दिला. तो तिथं झोपायचा. ते दिवस आमच्या घरात कसे गेले, ते विचारू नका. माझी बायको सासूच्या मागं रडायला गेली होती, म्हणून तीही शाळेत. घरात मी आणि बाप. मी केलेली भाकर बापानं एकदा कुत्र्याला टाकली, तर कुत्र्यानं ती तोंडात धरून नेली आणि रानात पुरून आलं. बाप हसायचा आणि हसताना खोकायचा. हा नेहमीचा खोकला का तो दुसरा? मी त्याच्या छातीला कान लावून बसायचो. तो म्हणायचा, काहून ऐकून राहिला, आत रेडिओ हाय का?

शाळेत मात्र नऊ जणींचं बरं चाललेलं. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी त्यांना आयतं जेवायला घालत होतं. खिडकीतून हसण्याचा आवाज यायचा. जेवण घेऊन जाणारे नवरे खाली मान घालून यायचे.

रिपोर्ट आले. कुणालाच काही नव्हतं.

आता इथं टीव्हीवरच्या, बंद बरोबर म्हणणाऱ्या चौघांना वाटेल, हा सुटला म्हणून उड्या मारतोय. आणि नऊतल्या एकीला निघाला असता तर? मी याचा विचार केला आहे, तुमच्याहून जास्त. तर मी हीच गोष्ट दुसऱ्या तोंडानं सांगितली असती, किंवा सांगितलीच नसती. पण त्या चौघांनीही एक ऐकावं. मायला मी पुलावर जाऊ दिलं नसतं, तर बाप वाचला असता आणि मायला मी गमावून बसलो असतो, आणि तिचं नाव कुठल्याच रोजच्या आकड्यात आलं नसतं. आजारानं गेलेले मोजायला गाडी आली होती. अडकलेल्या रडण्यानं गेलेले मोजायला कोणती गाडी येते? मला दोन्ही माणसं हवी होती. याला कुणी हट्ट म्हणो.

बायांना शाळेतून सोडायला त्या मॅडम स्वतः आल्या. जाताना सरपंचाला गाडीपाशी बाजूला घेऊन काही बोलल्या. काय बोलल्या ते सरपंचानं आम्हाला असं सांगितलं: पाचच्या वर नको, रेघ पुसायची नाही, गळ्यात पडायचं नाही, आणि यातलं मी काही बोलले नाही. मला वाटतं, त्यांच्याही घरचं कुणीतरी कुठंतरी लांब वारलं असावं. पण हे माझं वाटणं आहे, विचारायची हिंमत मला झाली नाही.

चार दिवसांनी खालच्या आळीतली एक म्हातारी काठी टेकत आली. तिची थोरली बहीण कालव्यापलीकडच्या गावात वारली होती. ती मायला म्हणाली, आक्का, मला पुलावर न्ये, मला एकटीला सूर लागत न्हाई. माय तिला घेऊन गेली. मायनं स्वतः पायानं रेघा मारल्या आणि म्हातारी पुढं सरकायला लागली की तिला दंडाला धरून मागं ओढायची. स्वतः दुसऱ्या हातानं डोळे पुसत. त्या उन्हाळ्यात पुलावर कितीतरी मयतं रडून झाली. तिकडच्या गावच्या बायाही आमच्याकडच्या मेलेल्यांना तिथूनच रडल्या.

दुसऱ्या वर्षी आजार परत आला आणि पहिल्यापेक्षा दांडगा होऊन आला. पण आता गाव थकलं होतं. एकदा बंद करून पाहिलं, काय मिळालं, म्हणत लोक लग्नाला जायचे, पंगतीला बसायचे. अँब्युलन्सचा आवाज कुरुंद्याच्या रस्त्यानं रोज यायला लागला. मी सरपंचाला म्हणालो, काट्या टाकू. तो म्हणाला, लोक ऐकणार न्हाईत, आणि तू तर बोलूच नको. पारावरचे हसले. मागच्या साली रडायला पूल उघडणारा या साली पूल बंद करा म्हणतो. मी म्हणालो, व्हय, म्हणतो. दोन्ही म्हणतो. तुमच्या डोक्यात एका वेळी एकच बैल बांधता येतो, त्याला मी काय करू.

घरी आलो तर माय अंगणात कोयता घासत बसलेली. मी विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, बाभळी तासायला चल. सत्तरीची बाई पुढं आणि मी मागं. गल्लीतल्या त्याच बाया एकेक करून आमच्यामागं निघाल्या, शाळेत राहून आलेल्या. पुरुष पारावरून बघत होते. माझा बाप खाटेवर बसून एका श्वासाला एक शब्द अशा सूचना करत होता आणि त्यातली एकही उपयोगाची नव्हती.

काट्या पुलावर पडायला लागल्या तसा सरपंच मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, हे कुणाच्या हुकमानं चाललंय. मायनं कोयता खाली ठेवला नाही. काट्यांच्या अल्याड तिनं पाच दगड मांडले होते, एकमेकांपासून लांब लांब. तिकडं तिनं बोट केलं.

"रडाया पाच जागा सोडल्यात," ती म्हणाली. "बाकीचं बंद हाय. तुमाला जायाचं असंल तर दुसऱ्या वाटेनं जा."

सरपंचानं मोटारसायकल वळवली. जाताना त्यानं आपल्या पोराला फोन लावलेला मी ऐकला. कुरुंद्याकडची वाट बंद करायला कोयते घेऊन या, म्हणत होता.